विमानतळ ते उंबरठा



या सदरात आजवर एस.टी.चे पास, रेल्वेचे आरक्षण, सवलतीचे दाखले असल्या गोष्टींवरच लिहीत आलो. विमानाबद्दल लिहायची पाळी माझ्यावर येईल असे वाटले नव्हते. तेहतीस वर्षे एस.टी.त कंडक्टर म्हणून काढली. पारोळ्याहून धुळे, जळगाव, अमळनेर, चाळीसगाव या चारही रस्त्यांवरचे खड्डे मला तोंडपाठ. आकाशातून आवाज आला की आम्हीही इतरांसारखे माना वर करून बघायचो आणि परत तिकिटे फाडायला लागायचो. पण गेल्या वर्षी आमच्या घरात जे घडले, त्यानंतर यावर लिहिणे मला भाग आहे.

माझी थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतो, पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. दाजी शेतमजूर. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, आय.टी.आय. करून हैद्राबादला एका कारखान्यात लागला. एके दिवशी पहाटे चारला दाजी गेले. झोपेतच गेले. सकाळी सहाला मी भाच्याला फोन केला. रेल्वेने येतो म्हणाला असता तर दुसरा दिवस उजाडला असता. त्याच्या मित्रांनी पैसे जमवले आणि दुपारच्या विमानाचे तिकीट काढून दिले. फोनवर मला म्हणाला, "मामा, मी येई ऱ्हायनू. तीन वाजता उतरसू. माले बापाचं तोंड दिसू द्या."

तीनला उतरणार म्हटल्यावर आम्ही सगळ्यांना सांगितले, संध्याकाळी सहाला अंत्ययात्रा. बर्फाच्या लाद्या आणल्या. आजूबाजूच्या पाच-सहा गावांतून समाजबांधव आले. भंतेजी उपलब्ध नव्हते, म्हणून आमच्याच बौद्धाचार्यांना बोलावले.

विमान तीन वाजून दहा मिनिटांनी उतरले. अगदी वेळेवर. हवेत सव्वा तास लागला. कोणत्या विमानतळावर उतरले ते सांगत नाही, कारण आपल्या बाजूच्या लहान विमानतळांची गत थोड्याफार फरकाने सारखीच आहे. भाचा बाहेर आला. विमानातून साठेक माणसे उतरली होती, त्यातल्या बहुतेकांना न्यायला घरच्या गाड्या आल्या होत्या. दहा मिनिटांत आवार रिकामे झाले. उरल्या दोन खाजगी गाड्या. गावापर्यंतचे भाडे त्यांनी जे सांगितले, ते विमानाच्या तिकिटाहून जास्त होते. पोराच्या खिशात अठराशे रुपये. एक रिक्षा होती, ती शहरात जाणारी, म्हणजे आमच्या उलट्या दिशेला. मग हा पोरगा पाठीवर पिशवी टाकून उन्हात महामार्गापर्यंत चालत आला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात दाखवत उभा राहिला.

तिथून त्याने मला फोन केला. "मामा, गाड्या थांबत नहीत."

वाचकहो, त्या गाड्या का थांबत नाहीत हे मला कोणी समजावून सांगायला नको. जिथे थांबा नाही तिथे लांब पल्ल्याची गाडी उभी करायची नसते. घंटीची दोरी तेहतीस वर्षे माझ्याच हातात होती. फाट्या-फाट्यावर हात करणारी माणसे मी खिडकीतून पाहिली आणि दोरी ओढली नाही. कोण कुठून आला असेल, कोणाच्या घरी काय घडले असेल, असा विचार एकदाही मनात आला नाही. त्या दिवशी माझा भाचा त्या माणसांत उभा होता.

पाचला त्याला एक गाडी मिळाली. दोन ठिकाणी बदलून साडेआठला पारोळ्याला पोहोचला. गावाकडची शेवटची बस सातलाच गेलेली. मी मोटरसायकलवर माणूस पाठवला होता, तो त्याला घेऊन निघाला. इकडे आम्ही सहाचे सात केले, सातचे आठ केले. परगावच्या बाया-माणसांना रात्री परत जायचे होते, लहान मुले भुकेली झाली होती, बर्फ वितळून ओटा ओला झाला होता. अक्का काही बोलत नव्हती. शेवटी आठला वडीलधाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मी मान हलवली. त्रिशरण-पंचशील झाले आणि आम्ही दाजींना उचलले. भाचा सव्वानऊला थेट स्मशानात आला. तोवर चितेने पेट घेतलेला होता.

हैद्राबाद ते आपला मुलूख सव्वा तास. विमानाच्या दारापासून बापाच्या चितेपर्यंत सहा तास.

हा हिशेब मी त्या रात्री केला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. या आयुष्यात विमान पाहिले नाही अशा घरातल्या पोरांनाही आता विमानाचे तिकीट काढावे लागते. कोणाचे आजारपण, कोणाचा मृत्यू, कोणाची मुलाखत. तेव्हा हा विषय श्रीमंतांचा म्हणून सोडून देता येणार नाही.

आता थोडे इतिहासाकडे वळू, कारण मला हा प्रश्न नवा वाटत नाही.

बाबासाहेबांनी आपल्या आयुष्यातले काही अनुभव इंग्रजीत लिहून ठेवले होते. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने ते पुस्तिकारूपाने १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने प्रसिद्ध केले. त्यातला पहिलाच अनुभव १९०१ सालचा आहे. लहानगे भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुले वडिलांना भेटायला साताऱ्याहून रेल्वेने निघून मसूर स्टेशनवर उतरली. वडिलांना पाठवलेले पत्र त्यांच्या हाती पडलेच नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. स्टेशनमास्तरला मुलांची जात कळली. बैलगाड्या उभ्या होत्या, मुलांच्या हाती पैसे होते, दुप्पट भाडे द्यायची तयारी होती. तरी एकही गाडीवान त्यांना बसवून न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन, बैल मुलांनीच हाकायचे आणि गाडीवानाने पायी चालायचे, असे ठरले. रात्रभर पोरांना प्यायला पाणी मिळाले नाही.

दुसरा प्रसंग तर आपल्या खानदेशातला. १९२९ साली बाबासाहेब मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद होते. धुळे लाइनवरच्या एका गावात आपल्या लोकांवर बहिष्कार पडला होता, त्याची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. चाळीसगावच्या बांधवांनी त्यांना रात्री मुक्कामाला थांबायची विनंती केली होती. स्टेशनापासून महारवाडा चालत जाण्याइतका जवळ. पण पाहुण्याला पायी न्यायचे कसे, म्हणून लोक तांगा शोधत राहिले, आणि अस्पृश्याला बसवून तांगा हाकायला एकही तांगेवाला तयार होईना. बॅरिस्टर झालेल्या, विलायतेत शिकलेल्या माणसाला. तांगा तेवढा भाड्याने मिळाला. हाकायला वस्तीतलाच एकजण बसला, ज्याला सवय नव्हती. नदीवरच्या फरशीशी चाक दगडाला अडले, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. घोडा तांग्यासकट नदीत गेला.

ज्या चाळीसगावच्या स्टेशनात मी शेकडो वेळा बसमधून प्रवासी उतरवले, ते हे स्टेशन.

या दोन्ही प्रसंगांत आगगाडीने आपले काम चोख केले. ती कोणाला जात न विचारता घेऊन आली. अडले ते स्टेशनाच्या फाटकाबाहेर, शेवटच्या टप्प्यावर. आज मसूरला वा चाळीसगावला रिक्षावाला जात विचारून नाही म्हणत नाही, हा बदल झाला आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. (आडनाव विचारणारे अजून भेटतात, तो वेगळा लेख होईल.) पण शेवटचा टप्पा अजून तिथेच आहे. पूर्वी पैसे असून गाडी मिळत नव्हती. आता गाडी उभी असते आणि पैसे पुरत नाहीत.

बाबासाहेब स्वतः धम्मदीक्षेसाठी ११ ऑक्टोबर १९५६ ला दिल्लीहून विमानाने नागपूरला आले. लाखो माणसे मात्र रेल्वेने, बैलगाडीने, पायी आली, ज्यांच्याकडे गाडीभाडे नव्हते त्यांनी घरातले किडूक-मिडूक विकले, हे आपल्या घराघरात सांगितले जाते. आज नागपूरच्या त्या विमानतळाला बाबासाहेबांचेच नाव आहे. आणि ६ डिसेंबरच्या रात्री त्यांचा पार्थिव देह विमानाने दिल्लीहून मुंबईला आणला, तेव्हा सांताक्रूझच्या विमानतळापासून दादरच्या राजगृहापर्यंत पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे होते. विमानतळ ते घर हे अंतर आपल्या समाजाने त्या रात्री असे पाहिले.

आता कामाचे बोलू.

२०१६ साली केंद्र सरकारने 'उडान' नावाची योजना आणली आणि एप्रिल २०१७ मध्ये शिमला-दिल्ली हे तिचे पहिले विमान उडाले. हवाई चप्पल घालणारा माणूस हवाई जहाजात बसेल असे तेव्हा सांगितले गेले. योजनेची रीत अशी, की तासाभराच्या प्रवासाला साधारण अडीच हजार रुपये भाडे ठरवायचे, ते विमानातल्या निम्म्याच्या आसपास जागांना लागू करायचे, आणि कंपनीला येणारी तूट तीन वर्षे अनुदानातून भरून द्यायची. कागदावर चांगली योजना. पण २०२३ साली कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेने, पहिल्या तीन टप्प्यांचा हिशेब मांडला. दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नव्हते. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षे पुरी केली, आणि अनुदान संपल्यावर त्यातले ५४ टिकले.

आपल्या जळगावचेच पाहा. कुसुंब्याच्या माळावरची धावपट्टी १९७३ ची. नवे विमानतळ मार्च २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या काळात झाले. त्यानंतर पाच वर्षे प्रवासी विमानाचा पत्ता नाही. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनचे अठरा आसनांचे विमान मुंबईला सुरू झाले आणि काही महिन्यांत बंद पडले. सप्टेंबर २०१९ मध्ये ट्रूजेट आली, मग करोना आला, पुढे तीही गेली. एप्रिल २०२४ पासून फ्लाय ९१ ने गोवा आणि हैद्राबाद आणि त्यानंतर पुणे जोडले, त्याच वर्षी अलायन्स एअरची मुंबई सेवा सुरू झाली. म्हणून माझे पहिले सांगणे, कोणी मागच्या वर्षी गेला म्हणून या वर्षी विमान असेलच असे धरू नका. वेळापत्रक मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलते, आणि रोज विमान असतेच असे नाही. वार पाहूनच तिकीट काढा.

पारोळ्याहून जळगाव साधारण पंचावन्न किलोमीटर. एरंडोल, मग बांभोरीचा गिरणेवरचा पूल, मग शहर. विमानतळ शहराच्या पलीकडे, अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. इथे कंडक्टरचा सल्ला ऐका. नवीन बसस्थानकावर उतरलात तर पुन्हा शहरातून रिक्षा करावी लागते. गाडी भुसावळकडे पुढे जाणारी असेल तर अजिंठा चौफुलीपर्यंतचे तिकीट मागा. चौफुलीवरून विमानतळाची रिक्षा स्वस्तात ठरते, आणि पहूर-जामनेरकडे जाणाऱ्या गाड्याही तिथूनच वळतात. रिक्षा ठरवताना 'विमानतळाच्या दारापर्यंत' असे शब्द वापरा. नाहीतर मुख्य रस्त्यावर उतरवून 'हेच विमानतळ' म्हणतात. जाताना रिक्षावाल्याचा फोन नंबर घेऊन ठेवा, येताना तोच कामी येतो. विमानतळाबाहेर रिक्षा उभीच असेल या भरवशावर राहू नका.

नाशिकचे विमानतळ नाशकात नाही, ओझरला आहे. धुळ्यावरून आग्रा रोडने जाताना ते नाशिकच्या वीसेक किलोमीटर अलीकडे लागते. (धुळे सोडल्यावर लळिंगचा किल्ला दिसतो. तिथल्या लांडोर बंगल्यात बाबासाहेब ३१ जुलै १९३७ ला थांबले होते. दरवर्षी त्या दिवशी तिथे जाणाऱ्यांना रस्ता सांगायला नको.) नाशिकपर्यंत जाऊन उलटे येऊ नका. दहाव्या मैलावर उतरा, तिथून जानोरीच्या बाजूला आत जावे लागते. तिथे गाडी आधी विचारून घ्या, विशेषतः संध्याकाळी.

शिर्डीचे विमानतळही शिर्डीत नाही. ते कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावात आहे, शिर्डीपासून सुमारे चौदा किलोमीटर. १ ऑक्टोबर २०१७ ला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी त्याचे उद्घाटन केले. औरंगाबादचे चिकलठाणा त्या मानाने सोयीचे, जालना रोडला लागूनच आहे. पण चाळीसगावहून कन्नडचा घाट ओलांडावा लागतो, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये दरडी कोसळून तो बंद पडला होता. पावसाळ्यात त्या बाजूचे तिकीट काढू नका. धुळ्याच्या गोंदूरलाही धावपट्टी आहे, पण प्रवासी विमान तिथे येत नाही. मुलांनी नकाशात पाहून सांगितले तर फसू नका.

गोव्याला दोन विमानतळे झाली आहेत. जुने दाबोळी दक्षिणेला, आणि जानेवारी २०२३ पासून उत्तर टोकाला मोपा. तिकिटावर दोन्हींना गोवाच. पोरगा दाबोळीजवळ कामाला आणि विमान मोपाला, असे झाले तर अख्खा गोवा ओलांडावा लागतो. पण तिथली एक गोष्ट मला आवडली. मोपाहून कदंब महामंडळाच्या बसगाड्या पणजी, मडगावकडे जातात. पुण्याला लोहगावहून पी.एम.पी.च्या बसगाड्या आहेत. नागपूरला वर्धा रोडवर मेट्रो आहे. विमानतळातून बाहेर आलेल्या माणसाला सरकारी गाडी मिळू शकते, हे तिथे दिसते.

लांबचे एक उदाहरण देतो. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. आपल्यातल्या नर्सिंग झालेल्या मुली, वायरमन झालेली मुले त्या देशाची चौकशी करू लागली आहेत. त्या देशात 'फ्रँकफर्ट-हान' नावाचे एक विमानतळ आहे. नाव फ्रँकफर्टचे, पण फ्रँकफर्ट तिथून सुमारे सव्वाशे किलोमीटर. हुन्सरुक नावाच्या डोंगराळ, शेतीच्या भागात आहे. पूर्वी तिथे अमेरिकेच्या हवाई दलाचा तळ होता. तो १९९३ मध्ये उठला आणि १९९९ पासून एका स्वस्त कंपनीची विमाने तिथे उतरू लागली. तिकीट इतके स्वस्त की लोक धावत सुटले, आणि उतरल्यावर बघतात तर चहूकडे शेते. फरक एवढाच, की तिथे विमानांच्या वेळा धरून फ्रँकफर्टला जाणारी बस असते. पावणेदोन तास लागतात, भाडे वेगळे, पण बस उभी असते. २०२१ मध्ये त्या विमानतळाचे दिवाळे निघाले आणि २०२३ मध्ये ते दुसऱ्या मालकाकडे गेले, म्हणजे श्रीमंत देशांतही अशी विमानतळे डळमळीतच असतात. मुलाबाळांना परदेशी पाठवताना तिकिटावरचे शहराचे नाव वाचून थांबू नका. विमानतळाचे गाव कोणते आणि तिथून पुढे काय, हे आधी विचारा.

आता एक रोखठोक हिशेब. पारोळ्याहून पुण्याला विमानाने जायचे म्हणा. घरून जळगाव दीड-दोन तास, चौफुली ते विमानतळ अर्धा तास. सामान देण्याची खिडकी सुटण्याच्या साधारण तासभर आधी बंद होते, म्हणून दोन तास आधी पोहोचायचे. हवेत सव्वा तास. लोहगावहून हिंजवडी-पिंपरीकडे मुलाच्या खोलीवर जायला दीड ते दोन तास. गोळाबेरीज सात-आठ तास. रात्रीची बस घरी जेवून निघते आणि सकाळी पुण्यात सोडते. एस.टी.त महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आणि ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास. तेव्हा हौस म्हणून एकदा जायचे तर जरूर जा, अक्का-काकूंना खिडकीशी बसवा. पण वेळ वाचतो म्हणून जात असाल तर आधी बेरीज करा. वेळ वाचतो तो लांबच्या गावाला, हैद्राबाद-बंगळूरला, आणि तोही बाहेर गाडी ठरलेली असेल तरच.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी थोडे. आधार कार्ड मूळ घ्या. हातातल्या पिशवीत अडकित्ता, विळी, कात्री, काडेपेटी ठेवू नका, काढून घेतात. आईच्या बटव्यातला अडकित्ता तर हमखास. मोबाइलची पॉवर बँक मात्र हातातल्या पिशवीतच ठेवायची, मोठ्या सामानात चालत नाही. कळण्याची भाकरी आणि सुकी चटणी घ्या, आतले खाणे आपल्याला परवडत नाही. आणि अचानक निघावे लागले तर, हे मी फार उशिरा शिकलो, घरच्यांनी रडत बसण्याआधी एका माणसाला गाडी घेऊन विमानतळाकडे रवाना करावे. आम्ही त्या दिवशी बर्फ आणला, मंडप टाकला, पन्नास फोन केले. ते एक काम तेवढे कोणाला सुचले नाही. पोरगा विमानाने येतोय म्हटल्यावर आम्हाला वाटले, तो आलाच.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर भाचा हैद्राबादला परत निघाला, तेव्हा मी त्याच्याबरोबर विमानतळापर्यंत गेलो. पाच तास आधी पोहोचलो. दाराबाहेर कट्ट्यावर बसून आम्ही भाकरी खाल्ली. दुपारचे विमान उतरले तशी माणसे बाहेर आली, गाड्या आल्या, गेल्या. दहा मिनिटांत पुन्हा सामसूम. मागे एक म्हातारी आणि तिची नात राहिली, बोचके घेऊन. मी उठून त्यांना कुठे जायचे ते विचारले, आमच्या रिक्षावाल्याला हाक मारली आणि भाडे ठरवून दिले. भाचा बघत होता. काही बोलला नाही.

घरी आल्यावर आम्ही वीसेक जणांनी सह्या करून एक अर्ज केला आहे. विमान ज्या वारी ज्या वेळेला येते, त्या वेळेनंतर पाऊण तासाने विमानतळाच्या दारापासून बसस्थानकापर्यंत एक गाडी असावी, आणि विमानतळाच्या फाट्यावर लांब पल्ल्याच्या गाड्यांना विनंती थांबा मिळावा. अर्जाला विमानांचे वेळापत्रक आणि माझ्या हाताने आखलेले गाड्यांचे वेळापत्रक जोडले आहे. दोन्ही वेळा जुळतात, नवी गाडी घालायचीही गरज नाही, एक फेरी थोडी वळवली तरी पुरे. उत्तर अजून आलेले नाही. एरंडोल, धरणगाव, अमळनेरच्या वाचकांनीही आपापल्या आगारात असे अर्ज द्यावेत आणि पोच घ्यायला विसरू नये.

पुढच्या अंकात रेल्वेच्या तत्काळ तिकिटाबद्दल.

जयभीम.